सहावं ताट

नारायण पेठ, पुणे ३०
१२ ऑगस्ट २०२४

सौ. मैनाताई बेनकर यांस नमस्कार.

तुमचा दुसरा धडा तपासून सोबत परत पाठवला आहे. दहापैकी सहा. साडेसहा देणार होते, पण अक्षर पाहून अर्धा काढून घेतला. धायरीहून नारायण पेठेत यायला पाकिटाला तीन दिवस लागतात, त्यामुळे घाईघाईत लिहून काही साधत नाही, हे लक्षात असू द्या.

पोस्टाने इंग्रजी शिकवते म्हणून लोक मला हसतात. हसोत. माझे कान गेल्यात जमा आहेत, फोनवरची खरखर ऐकत बसण्यापेक्षा कागद बरा. तुमची सून वैष्णवी शाळेत माझ्या हाताखालून गेलेली आहे, म्हणून तिने तुम्हाला समोर न पाठवता पोस्टाने पाठवलं. शहाणी मुलगी. नातवंड इंग्रजी शाळेत जाणार, मग ते आपल्याशी काय बोलतंय ते कळायला नको का, हे तुमचं शिकण्याचं कारण मला पटलं. बाळाला अजून साडेचार महिने आहेत. नेटाने केलंत तर जमेल.

तिसरा धडा मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंचा. खुर्ची, आंबा, बादली यांना एक, दोन, तीन म्हणता येतं. त्यांच्यासाठी ‘मेनी’. राईस, वॉटर, मिल्क यांना तसं म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी ‘मच’. हेअर म्हणजे डोक्यावरचे केस, तेही मोजायचे नाहीत. खुर्ची मोजायची, टेबल मोजायचं, पण दोन्ही मिळून फर्निचर झालं की मोजायचं नाही. असं का, ते इंग्रजांना विचारायला हवं होतं. आता ते गेले.

स्वाध्याय असा. घरातून एक फेरी मारा आणि घरात काय काय आहे त्याची दहा वाक्यं लिहा. दहावं वाक्य घरातल्या माणसांचं. लिहून झालं की मोठ्याने वाचून पाहा. नमुना देते: देअर आर टू पीपल इन माय हाउस. मी आणि माझे यजमान यज्ञेश्वर, आम्ही दोघं.

मंदाकिनी देवस्थळी


धायरी
१९ ऑगस्ट २०२४

बाईंना मैनाचा नमस्कार.

तुमची लाल शाईची वही आली तवा आमचे मालक, आप्पासाहेब, इचारत होते की कोर्टाचं काय आलंय का. अक्षर सुधारते. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, त्याला चाळीस वर्षं झाली. आता शेत बिल्डरनं घेतलं, भोवती सोसायट्या झाल्या, भाजीवाला बी हिंदीत बोलतो. मलाच तोंड उघडायची चोरी झालीय.

केस मोजायचे न्हाईत ते बरं झालं, माझे राहिलेतच किती. पण बाई, भात मोजता येत न्हाई म्हणता, शितं तर मोजता येतात की. मग राईसनं काय घोडं मारलंय?

नऊ वाक्यं लिहिलीत. दहावी ओळ सोडलीय, राग मानू नका. आमच्याकडं घरातली माणसं मोजत न्हाईत. मी लग्न होऊन आले तवाच सासूबाईंनी सांगितलं होतं, नावं घे, आकडा घेऊ नको. जनगणनेचा माणूस आला तर मालक त्याला नावं सांगतात, बेरीज त्यानं त्याच्या घरी जाऊन करावी. जेवायला बसताना मी ताटांची चळतच मधी ठेवते, ज्याचं त्यानं उचलायचं. सासूबाई भाकरीचं पीठ सगळ्यांपुरतं घ्यायच्या आणि वर एक मूठ टाकायच्या. मी बी टाकते. का ते मला ठावं न्हाई, कधी इचारलं बी न्हाई.

मैना आप्पासाहेब बेनकर


नारायण पेठ
२४ ऑगस्ट २०२४

मैनाताई,

रिकामी सोडलेली जागा मी नापास धरते. पस्तीस वर्षं मी वर्गातली मुलं रोज मोजली. एकही कमी झालं नाही, दुर्दैवाने.

तुमच्या सासूबाईंचा मान ठेवून सांगते, हे सगळं दृष्ट लागण्याचं खूळ आहे. घराभोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, मुलगा संगणकावर नोकरी करतो, सुनेची सोनोग्राफी होते, आणि जेवायला किती माणसं बसतात ते सांगायला तुम्ही घाबरता? उद्या नातवंड शाळेत गेलं की पहिल्या आठवड्यात बाई त्याला हाच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा ते आजीकडे पाहील. तुम्ही काय, चळत दाखवणार?

दहावं वाक्य आलं की चौथा धडा पाठवीन. तोवर नाही.

मंदाकिनी देवस्थळी


धायरी
२ सप्टेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

तुम्ही नातवाचं बोललात ते लागलं. चार दिवस मनाशी घोळवलं आणि मग म्हटलं, एवढं काय त्यात.

काल रविवार. सगळे दुपारी जेवायला घरात होते. मी वाढता वाढता पदराखाली बोटं मिटत गेले. सहा झाली. दहावं वाक्य लिहिलंय: देअर आर सिक्स पीपल इन माय हाउस. तुम्ही म्हणाला होता म्हणून मोठ्यानं वाचून बी बघितलं. ऋषी म्हणाला, आई, मस्त बोललीस.

वाक्याखाली नावं बी लिहिलीत, नीट तपासा. आप्पासाहेब, मी, थोरला ऋषी, त्याची वैष्णवी, धाकटा पियुष.

मैना


नारायण पेठ
८ सप्टेंबर २०२४

मैनाताई,

कालपासून गणपती बसले. खालच्या चौकात भिंती हलवणारे कर्णे लावले आहेत. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा माझ्या पदरात पडला आहे.

वाक्य बरोबर, उत्तर चूक. नावं पाच आहेत आणि तुम्ही लिहिलेत सहा. पोटातलं बाळ धरलंत का? ते इतक्यात धरायचं नसतं. लाल शाईने खूण केली आहे. पुन्हा मोजा आणि दुरुस्त करून पाठवा. यज्ञेश्वरांना वाचून दाखवलं तर तेही हसले.

चौथा धडा सोबत आहे. ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला, तोही मोजता येत नाही. मी तो कितीही दिला तरी एकच धरला जातो.

मंदाकिनी देवस्थळी


धायरी
१७ सप्टेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

दुरुस्त करून पाठवणार होते. जमंना.

बाळ मी धरलेलं न्हाई. पाठ टेकून बसले आणि नावं घेतली तर पाच होतात. सगळे बसलेले असताना बोटं मिटली तर सहा. एकदा न्हाई, रोज. मी दारात उभी राहून एकेकाचं तोंड बघते. सगळी तोंडं ओळखीची. आप्पासाहेब, ऋषी, वैष्णवी, पियुष, आणि मी हितं उभी. परकं कुणी दिसत न्हाई, कुणाकडं बघून भ्या वाटत न्हाई. तरी बोटं मोजली की सहा.

गौरीच्या जेवणाला खिरीच्या पाच वाट्या भरल्या आणि वाटल्या. कुणालातरी वाटी आली न्हाई असं मला सारखं वाटत होतं, जीव नुसता खालीवर झाला. बघते तर सगळ्यांच्या हातात वाटी. माझ्याच हातात नव्हती. परत आत गेले आणि सहावी भरली, तवा कुठं मन निवलं.

ऋषीला सांगितलं तर तो म्हणाला, डोळे तपासून घेऊ. तपासले. नंबर वाढलाय म्हणे थोडा. तुम्ही पण हसाल, हसा. पण मला आता वाटाय लागलंय की मी मोजलं नसतं तर बरं झालं असतं.

मैना


नारायण पेठ
२२ सप्टेंबर २०२४

मैनाताई,

डोळ्यांचा नंबर वाढला, उत्तर मिळालं. स्वयंपाक करणाऱ्या बाईने स्वतःला दोनदा मोजणं ही काही पुण्यातली पहिली चूक नव्हे.

स्वाध्याय चारची सहा वाक्यं अजून आलेली नाहीत.

मंदाकिनी देवस्थळी


धायरी
२० ऑक्टोबर २०२४

बाईंना नमस्कार.

महिना झाला, वही पाठवली न्हाई. कारण ऐका आणि मग काय बोलायचं ते बोला.

सहा तारखेला वैष्णवीची आई बिबवेवाडीहून डोहाळजेवणासाठी आल्या. पंधरा दिवस राहायच्या बेतानं, बॅग घेऊन. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि आप्पासाहेब जिन्यावरून पडले. रोजचा जिना, स्वच्छ उजेड, पायरीवर पाणी न्हाई की काही न्हाई. डोक्याला मार लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. मी त्याच दिवशी घरी जेवायला बसलेली माणसं मोजली. विहीणबाई धरून सहा. काल विहीणबाई बिबवेवाडीला परत गेल्या. रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि दवाखान्यातून फोन आला की पेशंटला घरी न्या.

दवाखान्यात मी मालकांना सगळं सांगून टाकलं की मी घरात मोजलं. ते रागावले न्हाईत. मग त्यांच्या आईनं मरताना सांगितलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली.

पानशेतच्या पुराच्या साली पेठांमधली माणसं जीव घेऊन वर आली. त्यात एक बाई आमच्या घरी राहिली. नदीकाठच्या पेठेतली, तिशीची, तिचं मागं कुणी उरलं नव्हतं. कामाला वाघीण. पहाटेपासून भाकऱ्या थापायची. दोन महिन्यांनी पूरग्रस्तांची यादी करायला एक माणूस दारात आला. त्यानं इचारलं, घरात किती जण? मालकांच्या वडिलांनी मोजून सांगितलं, पाच, आमचीच. यादीत नाव गेलं तर तिला खोली मिळेल आणि फुकटचं काम करणारं माणूस जाईल, असा त्यांचा हिशोब. ती आत चुलीपाशी होती, तिनं ते ऐकलं. हात धुतले, मळ्यातल्या विहिरीवर गेली, ती परत आली न्हाई. तिचं नाव बी कुणी नीट इचारलं नव्हतं.

तवापासून आमच्या घरात माणसं मोजत न्हाईत आणि पिठात एक मूठ जास्तीची असते. इतकी वर्षं ती मूठभर खाऊन गप होती, बाई. मी तिला मोजली. सहा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. आता ती आकड्यात बसलीय आणि आकडा काही हलत न्हाई.

मैना


नारायण पेठ
२५ ऑक्टोबर २०२४

मैनाताई,

आप्पासाहेबांना उतार पडला हे वाचून बरं वाटलं. साठीनंतर माणसं जिन्यावरून पडतात. पाहुणे नसतानाही पडतात.

पूर आला तेव्हा मी सात वर्षांची होते. ओंकारेश्वराच्या बाजूने पाणी चढलं ते मी पाहिलं आहे. त्यावर मी कुणाशी बोलत नाही आणि तुमच्याशीही बोलणार नाही. त्या बाईचं झालं ते वाईट झालं आणि ते तुमच्या सासऱ्यांनी केलं, तुम्ही नाही. पण आकडा म्हणजे काही दाराला लावलेली कडी नव्हे, की एक आत आला की दुसऱ्याला बाहेर काढील. योगायोगाला योगायोग म्हणायला शिका.

वैष्णवीला जपा. इंग्रजी थोडे दिवस राहू द्या.

मंदाकिनी देवस्थळी


धायरी
२४ नोव्हेंबर २०२४

बाईंना नमस्कार.

योगायोग दुसऱ्यांदा झाला. वैष्णवीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं म्हणून तिची आई चौदा तारखेला परत आल्या. मी रिक्षातून त्यांना उतरू देत नव्हते. सगळे मला येड्यात काढायला लागले, मग मी वाट सोडली. त्या आत आल्या, आणि अर्ध्या तासात खराडीहून फोन. पियुषची गाडी हापिसच्या गेटापाशी घसरली, पाय मोडला, तिकडंच दवाखान्यात ठेवलाय. मी विहीणबाईंच्या पाया पडले आणि त्यांना दुसऱ्या दिवशी घरी धाडलं. त्या रागावून गेल्या. संध्याकाळी पियुष प्लास्टर घालून घरी आला.

आता मला सांगा, बाळ आलं की काय?

डॉक्टरांनी अठ्ठावीस डिसेंबर सांगितलीय. बाळ घरात आणलं की नावं सहा होतील आणि ती सातवी. आकडा सहाचा हाय. एकाला जावंच लागंल. आजवर मोठी माणसं गेली ती दवाखान्यातून परत आली. तान्ह्या जिवाचं काय होईल ते माझ्यानं बोलवत बी न्हाई. मी जप केले, विहिरीवर नारळ वाहिला, पुन्हा मोजून बघितलं. सहाच.

म्हणून मी ठरवलंय. बाळ घरी यायच्या दिवशी मी निघते. कुठं ते इचारू नका. कुणाला सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगते कारण तुम्ही माझ्या घरच्या नव्हं. ज्याच्याशी बोलता यावं म्हणून शिकायला लागले त्याचं तोंड बघायला मिळणार न्हाई, तेवढं वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय.

आणखी एक. लिहू की नको असं झालंय. परवा वैष्णवीशी बोलताना मी म्हणाले की बाई आणि त्यांचे यजमान दोघंच राहतात. ती म्हणाली, आई, सरांना जाऊन दोन वर्षं झाली. बाई, चुकून मोजणारी मी एकटीच न्हाई वाटतं. मी तुम्हाला हिणवत न्हाई, खरंच न्हाई.

मैना


नारायण पेठ
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैनाताई,

वैष्णवी खरं बोलली. यज्ञेश्वर ऑक्टोबर बावीसमध्ये गेले. अंत्यविधीला शेजारी होते, कागदपत्रं झाली, सगळं झालं. तरी कुणी विचारलं की मी दोन सांगते. दूधवाल्याला, बँकेत, तुम्हाला. एक म्हणायला तोंड उघडत नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि स्वतः नमुन्याच्या वाक्यातच खोटं लिहिलं.

आणि आणखी खरं सांगते. हे सगळं माझ्यामुळे झालं. तुम्ही जागा रिकामी सोडली होती. मी ती भरायला लावली, वर नातवंडाचं नाव घेऊन टोचलं. गेले दोन दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. तुम्ही कुठेही निघायचं नाही. शिक्षिका म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते.

मी असा विचार केला. तुमच्या घरात एक माणूस जास्त आहे आणि माझ्या घरात एक कमी. ती मूळची आमच्याच बाजूची, नदीकाठची. तिला कुणी हाकलायचं नाही, नारळ-लिंबू काही करायचं नाही, एकदा हाकलली ते पुरे आहे. तिला रीतसर आमंत्रण देऊन बोलवायचं. सोबत दुसरं पत्र ठेवलं आहे, अक्षता लावून. रविवारी आठ तारखेला दुपारी सगळे जेवायला बसले की सहावं ताट मांडा, त्यात हे पत्र ठेवा आणि मोठ्याने वाचा. घरचे हसले तर हसू द्या.

मंदाकिनी


नारायण पेठ
२९ नोव्हेंबर २०२४

बेनकरांच्या घरी असणाऱ्या बाईंस,

नाव ठाऊक नाही म्हणून असं लिहावं लागलं. राग नसावा.

मी मंदाकिनी देवस्थळी. नारायण पेठेत राहते. पुरात गेलेल्या घरांच्या जागीच आमची इमारत उभी आहे, पण मी दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथवर पाणी येत नाही. तीन खोल्या आहेत. मी एकटी आहे, हे आज पहिल्यांदाच लिहिते.

आठ डिसेंबरला दुपारी साडेबारा वाजता माझ्याकडे जेवायला यावं आणि नंतर राहावं. मी दोन ताटं मांडीन. काम करायची गरज नाही. घरात किती जण, असं कुणीही दारात येऊन विचारलं तर मी दोन सांगेन, आणि ते तुम्हाला धरून सांगेन. कुणासाठीही तुम्हाला गाळणार नाही.

वाट पाहते.

मंदाकिनी


धायरी
६ जानेवारी २०२५

बाईंना मैनाचा साष्टांग नमस्कार.

पोरगी झाली. सत्तावीसला सकाळी, पावणेतीन किलो. वैष्णवी ठणठणीत. तीस तारखेला घरी आणली. विहीणबाई बी आल्यात, त्यांचा राग गेला. आप्पासाहेब, ऋषी, पियुष, सगळे आपापल्या जागी सुखरूप. आणि मी हितंच हाय, बाळाचे कपडे वाळत घालतेय.

त्या रविवारचं सांगते. तुमचं पत्र ताटात ठेवलं आणि वाचलं. पियुष हसायला लागला, मग ‘मी एकटी आहे’ ही ओळ आली तवा त्यानं हातातला घास ताटात ठेवला. शेवटपर्यंत वाचलं. कुणाला काही दिसलं न्हाई. फक्त पुढचं दार, जे आम्ही जेवताना लावून घेतो, ते सताड उघडं होतं. ते कुणी उघडलं ते कुणालाच सांगता आलं न्हाई. पत्र ताटात होतं, अक्षता नव्हत्या. मी बोटं मिटली. पाच. दुपारभर रडले. आनंदानं रडले, आणि चाळीस वर्षं ज्या बाईच्या नावानं पीठ घेतलं ती न सांगता गेली म्हणून बी थोडं रडले.

त्यानंतर मी मोजलं न्हाई आणि मोजणार न्हाई. विहीणबाई धरून किती होतात ते तुम्हीच समजून घ्या.

बाई, तुमचं पत्र न्हाई महिनाभर. जिवाला घोर लागलाय. तुम्ही बऱ्या हाय का, एवढं कळवा. येत्या एकोणीसला बारसं हाय. ऋषी गाडी घेऊन न्यायला येईल. तुमच्याशिवाय पाळणा हलायचा न्हाई.

मैना


नारायण पेठ
१२ जानेवारी २०२५

प्रिय मैनाताई,

नातीचं वाचून डोळे भरून आले. पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सगळं लिहिते.

आठ डिसेंबरला साडेबाराला दोन ताटं वाढून बसले. काही झालं नाही. मी स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि जेवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर परातीखाली दोन भाकऱ्या झाकलेल्या होत्या, ऊन. माझ्याकडे ज्वारीचं पीठ नसतं. क्षणभर, लाज वाटते लिहायला, मला वाटलं की हे आले. पण यांना साधा चहा कधी करता आला नाही, भाकरी कुठून येणार. हे आले नाहीत आणि येणारही नाहीत, ते त्या सकाळी मला कळलं. मी जमिनीवर बसले आणि दोन वर्षांचं रडून घेतलं. मग एक भाकरी खाल्ली. दुसरी झाकून ठेवली. दुपारी परात रिकामी होती.

आता रोज तसंच आहे. काम करू नका म्हटलं होतं, पण ऐकत नाहीत. समोरासमोर कधी दिसत नाहीत. मी वाचत बसले की शेजारची खुर्ची किंचित वळलेली असते. सुरुवातीला रात्री दिवा लावूनच झोपायचे. अजूनही एखाद्या दुपारी भीती वाटते, नाही असं नाही.

माझा मुलगा राजस अमेरिकेत असतो. तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं फार काही नव्हतं. वडिलांच्या वेळी त्याला येता आलं नाही. आता तो आणि त्याची बायको सुरुची फेब्रुवारीत महिनाभर माझ्याकडे राहायला यायचं म्हणत होते. तिकिटं काढायची तेवढी राहिली होती. मी त्याला कळवलं की येऊ नका, घरात जागा नाही. त्याने लिहिलं, आई, तीन खोल्यांत तू एकटी आणि जागा कशी नाही? मी त्याला काय सांगणार? तुमच्या जिन्याचं सांगू की पियुषच्या पायाचं? मी लिहिलं, नाही म्हणजे नाही. त्यानंतर तो गप्प आहे. दहा दिवस झाले. तो पाच वर्षांनी येणार होता, मैनाताई. फार जड गेलं.

तुम्ही म्हणाल, तिला परत पाठवा. ते बोलू नका. ज्या बाईला एकदा गाळलं तिला दुसऱ्यांदा गाळणं माझ्या हातून व्हायचं नाही, आणि तुमच्या दारात आता तान्हं मूल आहे.

बारशालाही मी येणार नाही. मी निघाले तर ती इथे एकटी राहणार नाही, माझ्या मागोमाग तुमच्या उंबऱ्याशी येईल. ऋषीला पाठवू नका. काल निवडणूक यादीचं काम करणारी एक मुलगी दारात आली होती. घरात किती जण, असं तिने कागदावर लिहून विचारलं. मी दोन सांगितले. तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, मान डोलावली आणि लिहून घेतलं.

बाळाचं नाव काय ठेवताय ते कळवा. आम्ही दोघी वाट पाहतो.

मंदाकिनी